मुकुटबनच्या रानातलं तान्हं

वणीला उतरलो तेव्हा मुकुटबनची मोटार निघून गेली होती. एका छकड्यात जागा मिळाली. नाल्यात चाक आपटलं आणि पिशवीतली शाईची बाटली फुटून माझा सदरा निळा झाला.

"शाई गेली मास्तर, पन जीव राह्यला," गाडीवान हसला.

मी नागपूरच्या शाळेतला चित्रकला शिक्षक. रानात चाललेल्या उत्खननात सापडणाऱ्या भांड्यांची चित्रं काढायला महिनाभर निघालो होतो. १९६२चा माघ होता; पळस नुकता पेटू लागला होता.

सागवानात एक 'पांढरी' (जुन्या वस्तीची राखट माती) होती. शेजारच्या पोडावरच्या (कोलामांच्या वस्तीवरच्या) बाया तिथं खोदायला, माती चाळायला येत. दुपारी भाकरीवर आंबाडीची भाजी घालून मलाही देत. त्यांतली भीमाबाई फार कमी बोलायची.

पंधराव्या दिवशी तिची खुरपी थांबली. हजारो वर्षांपूर्वीच्या घराच्या जमिनीखाली दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली. आमच्या प्रमुखांनी, साहेबांनी, एक मडकं अलगद सरकवलं. आत तान्ह्या बाळाची हाडं होती, काड्यांएवढी.

"घरातच का पुरलं असेल?" मी पुटपुटलो.

"रानात एकटं कसं ठेवतीन?" भीमाबाई म्हणाली. खुरपी खाली ठेवत म्हणाली, "माही पोरगी दोन महिन्याची असताना गेली. तिले मी रानातच ठेवून आली."

हाडं तपासणीसाठी नागपूरला न्यावी लागतील, असं साहेब म्हणाले. भीमाबाई खड्ड्याच्या काठाशी आडवी आली.

"नोका नेऊ, साहेब. तिची माय इथंच असंल."

साहेब तिच्याशेजारी मातीत बसले. "हे लोक कसे जगले, ते आता या बाळाशिवाय कोण सांगणार, बाई?"

भीमाबाई काठावरून बाजूला झाली. "मंग आदळू नोका तिले," एवढंच म्हणाली.

मी चित्र काढलं तोवर तिनं पदर पसरून त्या हाडांवर सावली धरली. पेटी भरताना स्वतःच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा तिनं खाली अंथरला.

परतताना साहेबांनी ती पेटी माझ्याकडे सोपवली. वणीच्या मोटारीत कंडक्टर म्हणाला, "पेटी वर टाका, मास्तर."

"मांडीवरच राहू द्या. आत लहान मूल आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मला खिडकीजवळची जागा करून दिली.

नागपुरात पेटी पोचती करून दुपारी घरी आलो. माझी धाकटी पाळण्यात झोपली होती. मी तिला उचलून घेतलं.

"अहो, झोपू द्या की तिला," बायको म्हणाली.

"झोपू दे," मी म्हणालो, आणि तिला तसंच छातीशी धरून बसलो.