टोकाचा कार्बन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण ज्याला सांगायचं त्याच्यासमोर उद्या माझी जीभ उचलेल की नाही—कोण जाणे.

सोनपेठचा दिगंबर आणि पूर्णेचा मी, हैदराबादला एकाच कॉलेजात होतो. शिकवणं सगळं उर्दूतून. आम्ही मात्र रसायनशास्त्र मराठीत भांडून समजून घ्यायचो. तो माझ्याहून हुशार होता. ते मला सलायचं—पण तेव्हा कुणी विचारलं असतं तर कबूल केलं असतं का मी?

शेवटच्या वर्षी, विलायतेहून परतलेल्या आमच्या प्रोफेसरांनी रेणू काढायची झटपट रीत दाखवली. कार्बन, हायड्रोजनची अक्षरं लिहीत बसायचं नाही. नुसती नागमोडी रेघ ओढायची. रेघ वळते तिथे कार्बन समजायचा, आणि दोन्ही टोकांनाही. हायड्रोजन मनात धरायचे. त्या तासांना दिगंबर नव्हता. हिवतापानं पडून होता.

परीक्षेआधीच्या सुट्टीत घरी निघालो, तर गाडीत त्याला पुन्हा ताप भरला. म्हणून तो पूर्णेला आमच्याकडेच उतरला. आई त्याला काढा द्यायची, पेज भरवायची. "पोरगं लय गुणाचं हाय," म्हणायची. माझ्याबद्दल तिनं असं कधी—जाऊ द्या. तिचा काय दोष?

एका दुपारी तो भिंतीला टेकून बसला. "ती नवी रीत सांग की रे."

मी पाटीवर सहा कार्बनांची रेघ ओढली.

"अन् टोकाला काय असतं?" त्यानं विचारलं.

पुढच्या शिक्षणाला सरकारी वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, एकच होती. मिळाला तर त्याला, नाहीतर मला.

"टोकाला काही न्हाई," मी म्हणालो. "नुसते कोपरे मोज."

त्यानं मोजले. चार भरले. त्यानं विश्वासानं मान डोलावली.

पेपरात मोठे प्रश्न त्याच रीतीवर आले. दिगंबर नापास झाला. वजीफा मला मिळाला.

वर्षभरानं तो पूर्णेच्या फलाटावर दिसला. मी तोंड फिरवणार, तोच त्यानं हाक मारली. "तापात डोक्यात उलटंच बसलं रे माझ्या! तू एवढं शिकवलंस, मीच नीट ऐकलं न्हाई." हसत होता. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी म्हणालो, "होतं असं कधी कधी." त्या पहिल्या खोट्यापेक्षा हे मला जास्त—

तो पुन्हा परीक्षेला बसला, पास झाला. आता परभणीत मास्तर आहे. शाळा सुटल्यावर, कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या पोरांना वेगळं शिकवतो. मी हैदराबादला नोकरी करतो, रजेवर पूर्णेला आलोय. परवा त्याच्या वर्गाच्या दाराशी उभा राहिलो. फळ्यावर तो भराभर रेणू काढत होता आणि पोरं उत्तरं द्यायला एकमेकांच्या पुढे धावत होती. दोन मुलीही होत्या, त्या सगळ्यांत पुढे. मला पाहून त्याचा चेहरा फुलला. "सोमवारी तू शिकीव यांना."

उद्या सोमवार. सकाळच्या गाडीनं जाणार आहे. वर्गात शिरण्याआधी त्याला बाजूला घेईन आणि सांगेन—मी जाणूनबुजून खोटं सांगितलं होतं. वयाचं निमित्त सांगणार नाही, आईनं केलेल्या त्याच्या कौतुकाचंही नाही. मग खडू माझ्या हातात द्यायचा की नाही, ते तो ठरवेल. नाही दिला, तरी पोरांचा तास चुकणार नाही. तो फार चांगलं शिकवतो.