खिडकीतून बाहेर जाणारा नळ

नळाची गोष्ट आहे. हसू नका. ही मी मुलाला सांगितली नाही, सुनेला सांगितली नाही, देवापुढेही काढली नाही — देवापुढे तर मी शेजारणीला पाणी देणारी बाई म्हणूनच उभी राहत आले. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायला वेळ लागतो. पण तोंडानं सांगायला गेलं की जीभ भलतीकडेच वळते, म्हणून लिहिते.

आधी पाण्याचं सांगते. आम्ही मूळचे बाळापूरकडचे. तो खारपाणपट्टा — विहीर खणा की बोअर करा, पाणी खारंच लागतं. कापसात काही उरेना तेव्हा मुलानं शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलं आणि अकोल्याच्या कडेला नव्या लेआउटमध्ये घर बांधलं. इथंही जमिनीतलं पाणी खारं. गोड पाण्याची सरकारी लाइन आमच्या दारापर्यंत आली आणि तिथंच संपली. नळ चार-चार, आठ-आठ दिवसांनी यायचा. आम्ही छतावरची टाकी भरून घ्यायचो.

मागच्या बोळीपलीकडे शीलाबाईंचं घर. शाळेत मास्तरीण होत्या, आता रिटायर. त्यांच्या घरी फक्त खारं बोअर. आणि नवऱ्याच्या किडनीचं दुखणं — डॉक्टरनं खारं पाणी तोंडाला लावू नका म्हणून बजावलेलं. सून म्हणाली, आपल्याकडून न्या. मग त्या कॅन घेऊन यायच्या, स्वयंपाकघरात शिरायच्या, सिंकमधून भरून न्यायच्या.

त्या गेल्या की मी ओटा धुवायची. सिंक धुवायची. जिथं उभ्या राहिल्या तिथली फरशीसुद्धा. सून नोकरीवर गेलेली असायची, कोण पाहतं?

शीलाबाई बौद्ध आहेत. आम्ही नाही. आता कळलं ना तुम्हाला?

गावी माझी सासू दारात उभी राहून वरून पाणी ओतायची. खाली ओंजळ. मग सासूच्या जागी मी उभी राहिले, तशीच ओतायला लागले. ते सगळं गावी राहिलं असं मी लोकांना सांगायची. राहिलं होतं का? सामानाबरोबर मीही आलेच होते की अकोल्यात.

मग मुलानं स्वयंपाकघर नवीन करायला काढलं. नळ घ्यायला आम्ही तिघं बाजारात गेलो. सुनेला बगळ्याच्या मानेसारखा साधा नळ आवडला होता. दुकानदार मुसलमान, तोंडानं गोड. त्यानं एका नळाचं तोंड धरून ओढलं, तर मागून पाइप निघत आली. सोडली तर आपोआप आत गेली. खाली सिंकखाली पाइपला वजन बांधलेलं असतं, ते ओढून घेतं. बटण दाबलं की फवारा, सोडलं की धार. तो म्हणाला, "अम्मा, टाकी उंचीवर नसन तर फवारा ढिला पडते, आधीच सांगून ठेवतो. अन् जाळीत क्षार बसते, ती काढून धुवा लागते."

मी म्हणाले, "पाइप किती लांब निघते?"

त्यानं पूर्ण ओढून दाखवली. मी ती माझ्या हातानं मोजली. सिंक कुठं, खिडकी कुठं, गजांतून तोंड बाहेर जाईल का — सगळं तिथंच, दुकानात उभ्या उभ्या डोक्यात बसवलं. एरवी खरेदीत मी तोंड उघडत नाही. त्या दिवशी म्हणाले, "हाच घ्या. माझं मनगट दुखते, हंडे-गुंडे सिंकमध्ये उचलून ठेवणं होत नाही."

मनगट दुखायचं, हे खरं. पण त्यासाठी घेतला नव्हता.

नळ बसला. शीलाबाईंना मी सांगितलं — आता आत यायची तसदी कशाला, बोळीतून खिडकीखाली कॅन धरा, मी वरून सोडते. त्यांनी धरली. मी गजांतून नळ काढला आणि वरून धार सोडली. कॅनला हात नाही, ओट्याला हात नाही. सासूनं पाहिलं असतं तर माझं कौतुक केलं असतं.

कौतुक तर झालंच. सून सगळ्यांना सांगायची, आईंनी काय डोकं लावलं पाहा. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, एवढ्या टंचाईत कोण देतं हो पाणी? आणि मी — मी मान खाली घालून ते ऐकून घ्यायची. कितीतरी वर्षं. गोड लागायचं ऐकायला.

एका उन्हाळ्यात नळाचं पाणी यायचं लांबलं, मुलानं टाकीत बोअरचं पाणी मिसळलं. नळाच्या पाइपेनं क्षार धरला. पुढे गोड पाणी आलं, टाकी भरली, पण नळाची पाइप अडकून बसली. सिंकमध्ये धार पडायची, बाहेर काही निघेना. आणि खिडकीखाली शीलाबाई कॅन घेऊन उभ्या.

दोनच गोष्टी होत्या. त्यांना आत बोलवायचं, नाहीतर त्यांची कॅन मी हातात घ्यायची.

मी म्हणाले, "आज पाणी नाही, बाई."

तेव्हाच वरून टाकीचं जास्तीचं पाणी बोळीत पडत होतं. त्यांच्या पायाजवळ. त्यांनी वर पाहिलं, मग खाली. "बरं," म्हणाल्या आणि रिकामी कॅन घेऊन गेल्या. माणूस घरी दुखणाईत आहे हे मला माहीत होतं. मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी छोटी कळशी भरून त्यांच्या दाराशी गेले. तुम्हाला वाटेल, पश्चात्ताप झाला. झाला होता. पण बेत असा होता की उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि वरून ओतायचं. हेही लिहूनच ठेवते.

शीलाबाईंनी दार उघडलं आणि माझ्या हातातून कळशी काढून घेतली. सरळ आत गेल्या. मी दारात मोकळ्या हातानं उभी. आतून आवाज आला, "या ना काकू, कळशी रिकामी होऊ द्या."

मी गेले. पहिल्यांदा. त्यांचे यजमान खाटेवर बसून पेपर वाचत होते, मला पाहून त्यांनी पाय खाली घेतले. शीलाबाई माझ्याच पाण्याचा चहा ठेवत म्हणाल्या, "काल खिडकी बंद पडली वाटते."

नळ नाही म्हणाल्या. खिडकी.

मी विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

"काकू, मी मास्तरीण होतो. वर्गात कोणता पोट्टा कोणापासून सरकून बसला, हेच पाहण्यात नोकरी गेली माही."

"मंग काहून बोलल्या नाही?"

"यायले पाणी पाहिजे होतं," त्यांनी नवऱ्याकडे मान केली. "अन् चहा घ्या. थंडा होऊन राहिला."

मी चहा घेतला. कळशी परत दिली तेव्हा तिच्यात बारक्या कैऱ्या होत्या, त्यांच्या दारच्या झाडाच्या. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं.

"उद्या कॅन घेऊन आतच या," मी म्हणाले.

त्या आल्या. मी ओटा धुतला — हो, त्या गेल्यावर धुतला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही धुतला. एका चहानं सासू अंगातून निघून जाते का? पण मग कैऱ्यांचं लोणचं घालायला त्याही बसल्या. ओटाभर हळद-मोहरी सांडली, आमचं लोणच्यात मीठ किती यावरून भांडण झालं, त्या गेल्या आणि मी झोपले. दुसऱ्या दिवशी चहा करताना लक्षात आलं, ओटा धुवायचा राहिला. मी तसाच राहू दिला. त्यानंतर धुतलेला आठवत नाही.

नळ मुलानं दुरुस्त करून घेतला. शीलाबाई आता आत येतात, कॅन खाली फरशीवर ठेवतात, पाइप आपल्या हातानं ओढतात आणि भरतात. यजमान अजून पेपर वाचतात. पाइप सोडली की वजन तिला ओढून जागेवर नेतं, टक आवाज होतो.

सुनेला अजूनही वाटतं, हा नळ मी मनगटासाठी घेतला. हे वाचलं की तिला कळेल. शीलाबाईंना खिडकीचं माहीत आहे. दुकानात मी पाइप हातानं मोजली होती, ते माहीत नाही. उद्या त्या पाण्याला येतील तेव्हा हा कागद ओट्यावर असेल.