चहा पिऊनच उठायचं

शेजारच्या सुमनवहिनींचे यजमान गेले, त्यानंतर चार-पाच दिवसांनी विणकरांच्या मंडळाचे दोन म्हातारे आले. विम्याचं पाकीट त्यांनी फोटोपुढे ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, चहा टाका." मला रागच आला. दुःखाच्या घरात चहा मागतात का कुणी?

वहिनी आत गेल्यावर त्यातला एक म्हणाला, "ही रीतच आहे आमची. विमा कंपन्या हातमागवाल्यांना दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा आमच्या आजोबांनी आपसांत हे मंडळ काढलं. पैसे देऊन निघून यायचं नाही, घरची चूल पेटलेली बघूनच उठायचं, हे तेव्हाच ठरलं."

इतके दिवस वहिनी नुसत्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या. मागे राहिलेल्या बाईला उठवायचं कसं, हे कुठल्या पॉलिसीत लिहिलेलं असतं?

चहा आला. म्हाताऱ्यांनी निमूट कप रिकामे केले. मी घोट घेतला, तर साखरच नाही! यजमानांना मधुमेह होता. वहिनींचा हात सवयीनेच चालला होता. त्यांनीही एक घोट घेतला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या मोठ्याने रडल्या.

दोघे म्हातारे बसून राहिले. रडणं ओसरल्यावर एकाने कप पुढे केला.

"वहिनी, अजून अर्धा कप द्या. असाच."