शालनच्या साडीची वाकळ

चंदगडच्या रानातून अंबूबाई हिरडे वेचून आणायची, झडलेली ऐनाची साल आणायची, आणि त्यांच्या रंगात जुनी कापडं बुडवून पांघरायच्या वाकळा शिवायची. तसा तांबूस रंग आमच्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला साधला नाही, हे मी छातीठोक सांगतो.

गेल्या साली तिची लेक शालन तापानं गेली. शालनची लहानगी ईश्वरी आईच्या सुती साडीत तोंड खुपसल्याशिवाय झोपत नसे. साडी विरत चालली, तेव्हा अंबूबाईनं ठरवलं, हिचीच वाकळ करायची, म्हणजे पोरीला आई जन्मभर पुरेल.

कापडानं रंग धरावा म्हणून आधी त्यातला घाम, तेल, मळ राखेच्या पाण्यात उकळून काढतात. हाताच्या सवयीनं तिनं ही साडीही उकळली.

वाकळ देखणी झाली. दुपारी ईश्वरीनं ती नाकाशी धरली, उलटी करून पुन्हा हुंगली.

“आज्जी, ह्यात आई न्हाय.”

“हाय की गं. तिचीच साडी हाय.”

“न्हाय. झाडाचा वास येतोय.”

शेजारची हौसाक्का हसली. “आजीच्या वाकळंसाठी कोल्हापूरचं पावणं येत्यात, आन तू नाक मुरडतीस व्हय?”

अंबूबाई हसली नाही. “तिचं खरं हाय, हौसा. रंग चढावा म्हणून मीच लेकीला धुऊन टाकली.”

ईश्वरी रडून रडून उघड्या भुईवर झोपली. अंबूबाई वाकळ मांडीवर घेऊन एकेक शिवण हुंगत बसली.