मन्याला न दिलेली खोली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तालमीतल्या दोस्तांना नाही, आईला तर नाहीच. खरं म्हणजे बोलणं हा माझा अर्धा धंदा. एरवी शिवाजी पेठेत फ्लेक्सचं दुकान चालवतो आणि फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की मैदानावरून आमच्या चॅनेलवर लाइव्ह समालोचन करतो. माझ्या तोंडाला लगाम नाही असं सगळी पेठ म्हणते. आणि तरी ही एक गोष्ट मी इतकी वर्षं दाबून ठेवली. दाबून ठेवायला काही कष्ट पडले असंही नाही — तेच तर वाईट आहे.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ गल्लीगल्लीतल्या तालमींचे असतात, आणि संघ कुणी निवडत नाही. ज्या गल्लीत जन्मलो तो आपला संघ, संपलं. हरला तरी तोच, मार खाल्ला तरी तोच. बाहेरून आलेल्याला मात्र ही गल्ली आपलं म्हणते तेव्हा काय पाहून म्हणते? मला वाटायचं, खेळ पाहून. तुम्हालाही तसंच वाटत असेल.

इमॅन्युएल नायजेरियाहून आला होता. आमच्या तालमीच्या संघानं त्याला हंगामासाठी घेतलं. नाव कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा कुणीतरी मन्या म्हणालं, मी ते माईकवर उचललं आणि आठवड्याभरात तो सगळ्या शहराचा मन्या झाला. त्यानं गोल केला की मी ओरडायचो, 'आपल्या पेठेचं पोरगं!' — आणि मागून गर्दी तेच ओरडायची. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन चौकातून नाचवलं, गुलालात बुडवलं. आमचं चॅनेल आधी घरचे नि दारचे एवढेच बघायचे. मन्या आल्यावर दुबईला गेलेली पेठेतली पोरंसुद्धा कामावरून चोरून बघायला लागली. मन्याला मी मोठं केलं असं मी तेव्हा चारचौघांत सांगायचो. खरं उलटं होतं.

त्याचा एक मोठा फ्लेक्स मी चौकात लावला. फ्लेक्सवाल्यांची एक सवय असते — येईल तो चेहरा कॉम्प्युटरवर उजळ करायचा. नवरदेव, नगरसेवक, वाढदिवसाचं बाळ, सगळे गोरे. आजवर कुणाची तक्रार आलेली नाही. मन्याचाही चेहरा मी तसाच उजळ केला. तो फ्लेक्सखाली येऊन उभा राहिला, बराच वेळ वर बघत, आणि मला म्हणाला, 'भावा, हा कोण?' सगळे खो-खो हसले. तोही हसला. मी फ्लेक्स तसाच ठेवला.

मॅच झाली की तो कधीकधी आमच्या घरी जेवायला यायचा. आईचा त्याच्यावर जीव. शेंगदाण्याची चटणी तो चमच्यानं नुसतीच खायचा, आणि आई त्याला दटावायची — 'मन्या, पोट बिघडंल रं, ताक पी आधी.' तिनं चॅनेल, लाइक, असलं काही कधी बघितलं नव्हतं. पोरगं लांबून आलंय, त्याला भूक लागलीय, एवढंच तिला दिसायचं.

मग त्याच्या घरमालकानं त्याला खोली सोडायला सांगितली. शेजारी तक्रार करतात म्हणाला. काय तक्रार, ते सांगितलं नाही. मन्या महिनाभर पेठेत खोली शोधत हिंडला. ज्यांच्या मोबाइलवर त्याचा फोटो होता त्यांनीही हात वर केले. शेवटी तो माझ्या दुकानात आला. आमच्या घरावरची खोली तेव्हा रिकामी होती. जिना वेगळा, नळ वेगळा. त्याला ते माहीत होतं. गच्चीवर जाताना तो त्याच खोलीवरून जायचा.

मी म्हणालो, नेसरीहून माझा भाचा शिकायला येणार आहे, खोली त्याला ठेवली आहे.

नेसरीत माझं कुणीही नाही.

का म्हणालो? मुलगी बारावीला होती, असं मी स्वतःला सांगितलं. पण आधी त्याच खोलीत परीक्षेचा अभ्यास करणारा एक परका पोरगा दोन वर्षं राहिला, तेव्हाही मुलगी घरातच होती. घरच्यांना चालणार नाही म्हणावं, तर आईनं आपणहून विषय काढला होता — 'वरची खोली मोकळीच हाय की. दे त्याला. कुठं कुठं फिरंल पोरगं?' म्हणजे तीही सबब बंद. मग उरलं काय? तो काळा होता. जिन्यावरून रोज खाली येणार, आमच्या दारात उभा राहणार, गल्ली बघणार. खांद्यावर घ्यायला चालत होता, डोक्यावरच्या खोलीत नको होता. आईला सांगितलं की त्याला दुसरीकडं जागा मिळाली.

इथवर तरी हे भित्रेपण म्हणून खपलं असतं. पुढचं ऐका.

पंधरा-वीस दिवसांनी मी ती खोली सांगलीच्या एका नोकरदार माणसाला भाड्यानं दिली. तो सामान घेऊन आला आणि लोखंडी कॉट जिन्याच्या वळणावर अडकली. मन्या सरावाला चालला होता. न बोलावता आला, कॉटचं एक टोक उचललं आणि वरपर्यंत चढवली. घाम पुसत मला विचारलं, 'भाचा आला?' मी म्हणालो, व्हय. तेवढ्यात आतून तो माणूस बाहेर आला आणि म्हणाला, 'मालक, डिपॉझिटची पावती तेवढी आजच द्या.'

डिपॉझिट हा शब्द मन्याला कळायला मराठी यायची गरज नव्हती. त्यानं माझ्याकडं बघितलं — रागानं नाही, थकल्यासारखं — आणि बूट हातात घेऊन जिना उतरून गेला. नंतर तो आमच्याकडं जेवायला आला नाही.

पुढच्या हंगामात तो पलीकडच्या पेठेच्या संघात गेला. तिथल्या एका माणसानं त्याला स्वतःच्या घरात राहायला जागा दिली होती. पैशाचं काहीच नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पेठ पेटली. मन्या का गेला, असं सगळे मलाच विचारायला लागले — त्याच्याबद्दलचं शेवटचं उत्तर माझ्याकडं असणार, असं मीच तर सगळ्यांना पटवलं होतं. आणि मी लाइव्हवर म्हणालो, 'पैसा बोलला, मन्या गेला.' संध्याकाळपर्यंत ते वाक्य पेठेतल्या प्रत्येकाच्या स्टेटसवर होतं.

त्याची आमच्याविरुद्ध मॅच झाली तेव्हा एवढे लोक चॅनेलवर आले की फोन तापून बंद पडेल असं वाटलं. त्याच्या पायात बॉल आला की आमच्या बाजूची पोरं माकडाचे आवाज काढायची. यांतल्या कितीजणांनी आदल्या वर्षी त्याला खांद्यावर घेतलं होतं, मी नावानिशी सांगू शकेन. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली. माझ्यापुढं दोन बटणं होती — एक माझ्या माईकचं, एक गर्दीच्या आवाजाचं. मी गर्दीचा आवाज वाढवला. बघणारे वाढत होते म्हणून.

त्यानं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी थांबलो असतो, असं लिहायला बरं वाटतं. मी थांबलो नसतो.

एका वाक्यात तो मला उघडा पाडू शकत होता. माझी खोली, माझा भाचा — एवढं बोलला असता तरी पुरलं असतं. तो कुणाला काही बोलला नाही. भांडणं नकोत म्हणून नव्या संघानंही त्याला पुढच्या वर्षी ठेवलं नाही, आणि तो कोल्हापुरातून गेला. कुठं, ते मला माहीत नाही. मी शोधही घेतला नाही.

त्या मॅचच्या दिवशी आई घरी माझ्या मुलीच्या फोनवर बघत होती. मी परत आलो तर ती उंबऱ्यापाशीच बसलेली. म्हणाली, 'पैशासाठी गेला व्हय रं त्यो?' मी नुसती मान डोलावली. मग ती म्हणाली, 'काळं ते काळंच. आपल्या घरात ऱ्हायला आला न्हाई, बरं झालं.'

तोवर तिच्या तोंडून त्याच्या रंगाबद्दल मी एक शब्द ऐकला नव्हता. माझ्याच वाक्यावर विश्वास ठेवून ती तसं म्हणाली, आणि मी हातपाय धुऊन तिच्या शेजारी जेवायला बसलो.

आई आता थकली आहे. नजर गेली आहे, त्यामुळं हे ती वाचणार नाही. रोज दुपारी मी तिला पेपर वाचून दाखवतो. हे वाचून दाखवणार नाही.