निवडणूक संपल्यावरचे परब

फोन सेसिलिया मावशींचा होता. पापडीला त्यांच्या घरामागे एक खोली आहे, परब तिथे भाड्याने राहायचे. एरवी मावशी फोनवर आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. त्या दिवशी केली नाही. "बाय, तुमचा परब उठत नाय," एवढंच म्हणाल्या. मी रिक्षा करून पोहोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. परब भिंतीकडे तोंड करून निजल्यासारखे दिसत होते, चादर गळ्यापर्यंत ओढलेली. आमच्या कचेरीतले आजी-माजी दोघं-चौघं जमले. सगळे हळहळले, आणि मग एकाने विचारलं, त्यांच्या घरी कुणी कळवलं का? सगळे एकमेकांकडे बघू लागले. इतकी वर्षं ह्या माणसाच्या शेजारी बसून डबा खाल्लेली माणसं, पण अख्ख्या वसईत त्यांच्या गावचा नंबर असलेली मी एकटीच निघाले. तोही घरचा नव्हे, शेजारच्या दुकानाचा. तो फिरवताना मला रडू आलं ते परब गेले म्हणून की तो नंबर माझ्या एकटीकडेच होता म्हणून, ते मला अजून सांगता यायचं नाही.

आम्ही तालुक्याच्या कचेरीत एकत्र होतो. मी आस्थापनेत, म्हणजे लोकांच्या रजा, बढत्या, बदल्या बघायला, आणि परब निवडणूक शाखेत. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे, पालघर जिल्हा व्हायला अजून बराच अवकाश होता. निवडणूक म्हटलं की तुम्हाला आठवतात सभा, भोंगे, बोटावरची शाई आणि शेवटी गुलाल. गुलाल उधळला की तुमची निवडणूक संपते. परबांची तिथे सुरू व्हायची. मंडपवाला, जीपवाला, डिझेलवाला, बांबूवाला, मतदान केंद्रांवर पुऱ्या-भाजीची पाकिटं पोचवणारा, सगळे बिलं घेऊन दारात उभे. आयोगाचा खर्च म्हणजे शेवटी जनतेचा पैसा, तो आगाऊ उचलायचा आणि मग कुठे, कशावर, कुणाच्या सहीने गेला ते तपशीलवार दाखवून मोकळं व्हायचं. ही उचल कुणा साहेबाच्या नावावर नसते. ती असते परबांसारख्याच्या नावावर. निवडून आलेला दिल्लीला जायचा, पडलेला घरी जायचा, आणि निवडणुकीसाठी आणलेल्या जादा टेबलांच्या गर्दीत परब एकटे बसून पावत्या चिकटवत राहायचे. तहसीलदार कौतुकाने म्हणत, परब आहेत म्हणून मी निवांत झोपतो. कौतुक करणाऱ्याचं काय जातं, तो झोपलेला असतो.

परबांचं घर सिंधुदुर्गात. नोकरी लागली ठाणे जिल्ह्यात, लग्न झालं गावी, आणि म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, काजूची थोडी कलमं, म्हणून सुलोचनावहिनी तिथेच राहिल्या. मुलगा तिकडेच वाढला. परब गणपतीला जात, शिमग्याला जमलं तर जात. बाकी कचेरीसमोरच्या एस.टी.डी.च्या बूथमध्ये उभे राहून बोलत. तिकडचा दुकानदार वहिनींना हाक मारायला जाई, तोवर मीटर पळत राही आणि परब काचेतून रस्त्याकडे बघत राहत. बोलणं मात्र एवढंसंच. "हिशेब संपलो की येतंय गो," हे शेवटचं वाक्य. मी त्यांना चिडवायची, "परब, हे वाक्य रेकॉर्ड करून ठेवा, पैसे वाचतील." ते हसायचे. त्यांनी आपल्या गावच्या जिल्ह्यात बदली मागितली होती आणि त्यासाठी सेवाज्येष्ठतेवर पाणी सोडायलाही ते तयार होते. वर्षानुवर्षं तो अर्ज फिरला, आणि अखेर आदेश आला. तो माझ्याच टेबलावर आला. मी स्वतः नेऊन त्यांच्या हातात दिला. परबांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "पण मला सोडणार कोण?"

खरंच होतं ते. नावावर उचल बाकी असलेल्या माणसाला कार्यमुक्त करता येत नाही. आणि हिशेब अडला होता एका बोटीवर. अर्नाळ्याच्या किल्ल्याचं बेट आहे ना, तिथेही माणसं राहतात, मतं देतात, म्हणून मतदानाची पार्टी, म्हणजे कर्मचारी आणि मतपेट्या, होडीने न्यायची असते. आदल्या दिवशी नेली, मतदान झालं, आणि संध्याकाळी वारा असा सुटला की नाखवा होडी काढीना. पार्टी पेट्या कवटाळून बेटावरच राहिली आणि दुसऱ्या सकाळी आली. बिल तीन दिवसांचं झालं. ऑडिटवाल्यांनी शेरा मारला, मतदान एक दिवसाचे असता बोट तीन दिवस का, जादा रक्कम संबंधिताकडून वसूल करावी. वरवर बघता त्यांचंही काही चुकत नव्हतं. परब खुलासा घ्यायला अर्नाळ्याला गेले तेव्हा मीही गेले होते, सुके बोंबील घ्यायला. नाखवा जाळं विणत होता. परबांनी प्रश्न वाचून दाखवला. त्याने मान वर न करता उत्तर दिलं, "पानी खवळलं व्हतं. पेट्या बुडवून आनल्या असत्या, तर दोन दिवसांचंच भाडं घेतलं असतं. लिवा तसं." परबांनी तसं नाही, पण त्याच अर्थाचं काहीतरी लिहिलं आणि पाठवलं. वरून उत्तर आलं, हवामानाचा दाखला जोडावा.

जादा रक्कम होती किती? एखाद्या सणाला घरात कपडे येतात तेवढी. मी म्हटलं, "परब, खिशातून भरा आणि गाडीत बसा. वहिनी वाट बघतायत." तहसीलदारही तेच म्हणाले. परब म्हणाले, "बाई, मी भरले तर कागदावर कायमचं राहील की बोट उगाच ठेवली होती. ती उगाच नव्हती." मी म्हटलं, "कागदाकडे कोण बघतंय? तिकडे वहिनी तुमच्याकडे बघतायत." परब दाखल्यासाठी पत्र टाइप करायला बसले. मला त्यांचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही. दोन दिवस त्यांच्या डब्यातली उसळ घेतली नाही, ह्याउपर कचेरीत निषेध करता येत नसे.

दाखला यायच्या आत सरकार पडलं. त्या काळात सरकारं टिकत कुठे होती? पुन्हा निवडणूक लागली, आणि ह्या खेपेला लोकसभा-विधानसभा एकाच दिवशी. परबांच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की प्रत्येक बिलाचे दोन भाग करायचे, निम्मं दिल्लीच्या खात्यावर, निम्मं मुंबईच्या. जीप निम्मी, तंबू निम्मा, पुऱ्या-भाजी निम्मी. मी विचारलं, "बांबूचं काय करणार, उभा चिरणार की आडवा?" परब गंभीरपणे म्हणाले, "किमतीत चिरायचा." वालीवच्या गोदामातून खुर्च्या आणलेला टेम्पोवाला तर घाबरून म्हणाला, मला अर्धेच पैसे मिळणार का? हसून पुरेवाट झाली त्या दिवशी. पण मधल्या काळात परबांची आई गेली. ते जाऊन आले, मुंडण केलेल्या डोक्याने पुन्हा त्याच टेबलाशी बसले. बदलीचा आदेश तसाच घडी घातलेला होता.

शेवटी एका दुपारी ठाण्याहून टपाल आलं. खुलासा मान्य. दोन शब्द, बस. इतकी पत्रं, इतके दाखले, आणि त्यांचं कुणी साधं अभिनंदनही केलं नव्हतं. परबांनी ते पत्र घेऊन सगळीकडे नजर फिरवली. जेवणाची सुट्टी होती, खोलीत मी एकटीच होते. "सुटलं बाई," ते म्हणाले. निरोपाला आम्ही सामोसे मागवले आणि एक शाल दिली. तहसीलदार भाषणात म्हणाले, परबांचा वनवास संपला. टाळ्या पडल्या. परबही टाळ्या वाजवत होते.

लोक निवृत्त झाल्यावर वसई सोडून गावी जातात. परब निवृत्त होऊन गावाहून वसईला आले. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी तिकडच्या तालुक्यात, घरी राहून काढली, आणि एक दिवस बॅग घेऊन माझ्या दारात उभे. मी तेव्हा नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, हे गेलेले, मुलगी पुण्याला. चहा केला. खूप वेळ ते पावसाविषयी, काजूविषयी बोलत राहिले. मग म्हणाले, "कुत्र्याला माझी ओळख पटायला महिना लागला, बाई. माणसांना ओळख होती. पण सवय नव्हती..." घर त्यांच्यावाचून चालायला शिकलं होतं. मुलाने बाजारहाट हातात घेतला होता, वहिनींचा दिवस पहाटेपासून आखलेला होता, आणि परब सकाळी अंघोळ करून ओटीवर बसले की झाडणारी सून म्हणे, जरा पाय वर घ्या. "कुणी वाईट वागलं नाही," ते म्हणाले. "जा म्हणालं नाही कुणी. पण राहा असंही कुणी म्हणालं नाही." मी विचारलं, "तुम्ही विचारलंत का वहिनींना?" ते कपाच्या तळाकडे बघत होते. "घरात कसं विचारणार?"

मग पापडीची खोली. पेन्शनमधले निम्मे पैसे गावी. आणि निवडणूक लागली की परब कचेरीत हजर, कुणी बोलावलेलं नसताना, मानधन नसताना. पेट्या जाऊन मशिनं आली, हिशेब संगणकावर गेला, नवी मुलं त्यांना खुर्ची द्यायची, चहा द्यायची आणि आपल्या कामाला लागायची. दोन निवडणुकांच्या मधला काळ त्यांना खायला उठायचा. कुठे सरकार डळमळलं की परबांचा चेहरा उजळायचा. मी म्हणायची, "देशद्रोही आहात." संध्याकाळी कधी माझ्याकडे यायचे, आम्ही दोघं बातम्या बघायचो, जेवायला थांबा म्हटलं तर कधी थांबले नाहीत. मावशींनी सांगितलं की शेवटच्या वर्षात ते दुपारीच दोन्ही वेळचा भात करून ठेवत. आम्ही दोन एकटी माणसं होतो आणि आपापल्या घरी एकटी जेवत होतो, हे मला ते गेल्यावर लख्ख दिसलं. फार जिव्हारी लागलं.

अंत्यसंस्काराला मुलगा आणि वहिनी आले, तेरावं गावी झालं. त्यानंतर वहिनी एकट्याच पुन्हा वसईला आल्या, खोली रिकामी करायला. मदत म्हणून मी गेले, जाताना खोके बांधायला सुतळी नेली. बघते तर काही बांधलेलंच नव्हतं. स्टोव्ह पेटलेला, दाराबाहेरच्या दोरीवर त्यांचं लुगडं वाळत घातलेलं, आणि परबांचे शर्ट धुऊन त्याच्या शेजारी. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "भाडं भरलेलं आहे ना ह्या महिन्याचं." मग आम्ही परबांच्या खाटेवर बसलो. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, परब काय म्हणाले होते ते. राहा असं कुणी म्हणालं नाही, म्हणून ते परत आले.

वहिनींची इतका वेळ जपून बोललेली पुस्तकी मराठी गळून पडली. "रवा म्हणूक ते काय पावणे होते?" त्या म्हणाल्या. "आपल्या घरात माणसाक कोण रवा म्हणता? पावण्याक म्हणतत." मग स्वतःशीच, "ते बॅग भरूक लागले, तेव्हा माका वाटला, खयतरी निवडणूक लागली असतली..."

ह्या माणसाने उभा जन्म लेखी आदेशाशिवाय पाऊल उचललं नव्हतं, आणि वहिनींनी उभा जन्म त्यांना जाताना पाहिलं होतं. दोघांपैकी कुणाचं चुकलं, हे सांगणारा शेरा मला तरी मारता यायचा नाही.

महिना उलटून गेला. वहिनींनी पुढचं भाडंही मावशींच्या हातात दिलं, मुलाचे फोन येतात तर म्हणतात, येतंय, काम हा. काय काम, ते मुलगा विचारत नाही. काल मी पुन्हा सुतळी घेऊन गेले तेव्हा त्यांनी सोलकढी केली होती. त्या छोट्या खोलीत परबांच्या खाटेवर भिंतीला टेकून त्या दुपारभर बसतात, दार उघडं ठेवून. मी सुतळीचा गुंडा तसाच पिशवीत टाकून उठले, चपला घालू लागले. त्या आतून म्हणाल्या, "बाई, जेवूक रवा."

मी चपला काढल्या.