चोळीतला कापूस

माझा भाऊ सोमवारी गेला. दोन महिन्यांचा होता. शुक्रवारी आई सेलूजवळ पाटलांच्या वावरात कापूस वेचायला गेली. मी अकरा वर्षांची. सोबत होते.

दुपारी कपाशीच्या पराटीआड तिनं माझ्याकडे पाठ केली. पिणारा नव्हता, दूध येतच होतं. लुगडं भिजत होतं. तिनं ओटीतला मूठभर कापूस काढून चोळीत दाबला.

संध्याकाळी मोजणी. पाटलीणबाई बायांच्या ओट्या झाडून पाहायच्या. त्यांनी आईच्या चोळीत हात घातला. सगळ्यांसमोर. ओला बोळा बाहेर काढला.

"चोट्टी! घामानं भिजवला कापूस. म्हण, चोरला म्हणून."

"लेकीच्या लग्नाची गादी भरून राह्यली वाटते," मागून एक बाई म्हणाली. बाया हसल्या.

काट्याजवळ गडीमाणसं उभी होती. आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली.

"चोरला," ती म्हणाली.

वाटेनं मला एवढंच बोलली, "कोणाले सांगू नको माय. माणसं होती तिथं."

मी सांगितलं नाही. पुढे कुणाच्याही वावरात पहिली झडती आईची. मी वर्ध्याला शिकले, शाळेत मास्तरीण झाले, पुस्तकांत तोंड घालून बसले. वाटायचं, न बोलता जखम भरेल. तिची भरली नाही. शेवटच्या आजारात डॉक्टरीणबाई छाती तपासायला आल्या, तरी ती दोन्ही हात चोळीवर घट्ट धरायची.

त्या मोजणीनंतर बारा वर्षांनी, एकोणीसशे पंच्याऐंशी साली, ती गेली. तेरवीला पाटलीणबाई आल्या. चटईवर बसल्या.

"जाऊ दे पोरी. थ्या कापसाचं मी कवाच माफ केलं तिले."

वेचणीच्या बाया घरातच होत्या. मी उभी राहिले.

"थो घाम नव्हता, बाई. दूध होतं. चार दिवस झालते माहा भाऊ जाऊन."

गादीची थट्टा करणारी बाई आता म्हातारी झाली होती. तिनं पदर तोंडात धरला.

"मंग तवाच सांगाचं नं व," पाटलीणबाई हळू म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं कुठं? 'म्हण' म्हणालत्या. तुमची माफी घेऊन जा."

त्या गेल्या. मन हलकं झालं, असं मी लिहिणार नाही. जिनं हे ऐकायला हवं होतं, ती नव्हती. मी बारा वर्षं उशीर केला.

आता वर्गात कुणाचं काही हरवलं आणि बोटं एका पोरीकडे वळली, की मी तिला आधी विचारते, काय झालं. ती बोलेपर्यंत थांबते. तास संपला तरी थांबते.

आई नाही. भाऊ नाही. आईची चोळी माझ्याकडे आहे. मी माफ केलेलं नाही.